रॅम्प झाला, इथे सही करा

सरकारी कार्यालयातला तो क्लार्क दर वर्षी सात पायऱ्या उतरून माझ्याकडे खाली यायचा. मी जिवंत आहे, एवढं लिहून घ्यायला. पोलिओने माझे पाय लहानपणीच गेले. आधी पायांना कॅलिपर होते, आता चाकाची खुर्ची. अनुदान चालू ठेवायचं तर हयातीचा दाखला द्यावा लागतो आणि खिडकी वर. मी खाली रिक्षांच्या गर्दीत बसून राहायचे, तो रजिस्टर घेऊन यायचा. "ताई, उन्हात कशाला आलात?" म्हणायचा. सगळे म्हणायचे, किती चांगला माणूस! मला मात्र त्या चांगुलपणाचाच संशय यायचा. तो खाली येतो म्हणून मला वर जावं लागत नाही, आणि मी वर जात नाही म्हणून तिथे कुणाला काही बांधावंही लागत नाही.

मग एका सकाळी तो कॅम्प चार वस्तीतल्या आमच्या खोलीवर आला. मी जीन्सचा गठ्ठा पुढ्यात घेऊन धागे कापत होते.

"ताई, खूशखबर. रॅम्प झाला."

"कधी?"

"परवाच. एवढी वर्षं मागत होतात ना? आता फक्त इथे सही करा."

कागदावर टाइप केलं होतं: रॅम्प वापरून पाहिला, सोयीचा आहे. खाली माझं नावही आधीच छापलेलं.

"मी तर बघितलाच नाही."

"अहो, मस्त झालाय. उद्या तपासणी आहे, लाभार्थ्याची सही लागते, बस."

"मग वापरून बघते आणि करते सही."

त्याचा चेहरा उतरला. "फुटपाथ खोदलाय तिकडे. तुम्हाला त्रास होईल."

फुटपाथ! त्यावर दुकानांचे कपडे घातलेले पुतळे आणि लावलेल्या स्कूटर. कडा इतकी उंच, की मी आयुष्यभर रस्त्यावरूनच खुर्ची हाकत आले. माझ्या त्रासाची काळजी नेमकी आजच कशी? मी कात्री खाली ठेवली. "आत्ताच चला."

"ढकलू का?" त्याने वाटेत दोनदा विचारलं. मी दोनदा नको म्हटलं.

रॅम्प लांबून छान दिसत होता. पिवळा रंग, दोन्ही बाजूंना चकचकीत स्टीलचे पाइप. जवळ गेल्यावर चढ दिसला. सात पायऱ्यांची उंची त्यांनी दहा पावलांत उरकली होती. मी चाकं रेटली. अर्ध्यावर हात थकले, गुळगुळीत लादीवर चाक घसरलं आणि खुर्ची मागे यायला लागली. मी ओरडले. क्लार्कने मागून गुडघा लावून ती अडवली. त्याचं कोपर पाइपावर आपटल्याचं मला ऐकू आलं.

"सोडू नका हां," मी म्हणाले. तेव्हासुद्धा मला वाटत होतं, हा सोडेल.

त्याने सोडलं नाही. शिपाई धावत आला, दोघांनी मला वर नेलं. वरचं दार काही उघडेना.

"उसके पीछे रेकॉर्ड का कपाट है ना, मावशी," शिपाई म्हणाला. "ये दरवाजा कब खुलता है?"

क्लार्क कोपर चोळत होता. "मला माहीत नव्हतं, ताई." खरं की खोटं, मला आजही सांगता येत नाही.

मला खाली आणल्यावर मी त्याच्याकडून पेन घेतलं. 'सोयीचा आहे' खोडलं आणि जे पाहिलं तेवढंच लिहिलं. चढ फार उभा, लादी घसरते, दारामागे कपाट. मग सही केली.

"हे वर गेलं तर मला ऐकून घ्यावं लागेल," तो हळूच म्हणाला.

"आणि नाही गेलं तर?"

त्याने कागदाची घडी घातली. तो हा कागद फाडणार, अशी माझी खात्री झाली. मी शिपायाला झेरॉक्स काढून आणायला लावली आणि पोच म्हणून तिच्यावर शिक्का मागितला. क्लार्क आत गेला तो बराच वेळ आलाच नाही. मागच्या बाजूने सटकला असेल, असं वाटायला लागलं, तेवढ्यात तो शिक्का हातात घेऊनच बाहेर आला आणि माझ्यासमोर झेरॉक्सवर ठोकला.

दिवाळीनंतर रॅम्प तोडला. म्हटलं, झालं, होता तोही गेला. पण दोन महिन्यांनी तिथे इमारतीला वळसा घालणारा लांब, खरबरीत रॅम्प उभा राहिला. वरचं दार उघडं होतं. मी एकटी, कुणाचाही हात न घेता, खिडकीपर्यंत गेले. खिडकीत दुसराच माणूस होता.

"आधीचे साहेब?"

"बदली झाली. बदलापूरला."

"शिक्षा म्हणून?"

"छे हो, त्यांनीच मागून घेतली."

मला पटलं नाही. घरी येईपर्यंत तेच डोक्यात होतं.

एका रविवारी तो स्वतःच दारात उभा राहिला. आला जाब विचारायला, मी मनात म्हटलं. बसा म्हणायच्या आधीच विचारलं, "बदली माझ्या त्या कागदामुळे झाली ना?"

"नाही ताई, आईमुळे. तिला लकवा झालाय, घराजवळ राहायला हवं होतं." तो उंबऱ्याशीच उभा होता. "खुर्ची घ्यायचीय. दुकानदार काहीही सांगतो. तुमच्याशिवाय विचारायला कुणी नाही."

मी खुर्ची मागे घेऊन त्याला आत यायला वाट दिली. मग विचारलं, "तुमच्या बाथरूमचं दार किती रुंद?"

त्याने दोन हात पसरून दाखवले.

"हाताने नाही. टेप लावून मोजा, उंबऱ्याची उंचीसुद्धा. मग खुर्ची बघायला मी येते बरोबर."