स्वप्नालीचा अंगठा

स्वप्नालीच्या उजव्या अंगठ्याची काळजी ममताबाईंच्या मनातून काही केल्या जात नव्हती. भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना त्यांचा कान घरामागच्या शेडकडे लागलेला. तिथून गिटारचा आवाज येत असला की जीव थाऱ्यावर. थांबला की हातातलं काम टाकून त्या धावत सुटायच्या.

सव्वीस वर्षांची ही त्यांची लेक. लोणखेड्याला राहून बीएस्सी झाली आणि नोकरीचे अर्ज भरायचं सोडून नवापूरला परतली. घरामागे शेड बांधून तिने तीन हजार कोंबड्या आणल्या. "पाटीलनी पोर कोंबड्या पाळी ऱ्हायनी," म्हणून लोक हसले. तेच पुढे खाद्य कुठून आणतेस, असं विचारायला दारात यायला लागले. कुठल्या पिंजऱ्यातली कोंबडी आजारी आहे, हे ती दारातून नुसत्या आवाजावरून सांगायची.

यंदाच्या थंडीत कोंबड्यांवर बर्ड फ्लू आला. सगळ्या कोंबड्या मारून पुरायचा हुकूम घेऊन पांढऱ्या पोशाखातली सरकारी माणसं आली, शेतात जेसीबीने खड्डा खणला. गावात शेडं पुष्कळ आणि ही माणसं थोडी. परक्या हातांना बुजून कोंबड्या फडफडायला लागल्या, तेव्हा स्वप्नालीने तो पोशाख स्वतःच अंगावर चढवला. "मन्हा हातम्हा त्या फडफडतीन नही," म्हणाली. आणि खरंच, एकही फडफडली नाही. मानेच्या एका बाजूला अंगठा, दुसऱ्या बाजूला दोन बोटं, आणि एक पीळ. सकाळपासून दिवस मावळेपर्यंत.

त्यानंतर ती रडली नाही. आठवड्याने सुरतच्या मैत्रिणीची जुनी गिटार घेऊन आली आणि चुन्याचा वास भरून राहिलेल्या रिकाम्या शेडात, समोर मोबाइल टेकवून शिकायला बसली. तेही नुसत्या बोटांनी. अंगठा जाड तारांवर, पुढची तीन बोटं बारीक तारांवर, एकेक तार सुटी छेडायची.

शेजारची निशा कॉलेजच्या कार्यक्रमांत गिटार वाजवायची. ती म्हणाली, "ताई, तार छेडायला ते प्लास्टिकचं पिक घे ना! पिकने चार दिवसांत गाणं निघेल, मग माझ्या लग्नात बँडवाल्याला सुट्टी."

"पिक धरलं तर हाताला काय कळणार?" स्वप्नाली म्हणाली. "मला या हातालाच दुसरं काहीतरी शिकवायचंय."

पण हात शिकेना. बोटं तार छेडायची, अंगठा मात्र दाबायचा. तारेवरून हलकेच निसटायचं सोडून तो तिला गच्च धरायचा, बोटांकडे ओढायचा, आणि तार फटकन लाकडावर आपटायची. पुन्हा पहिल्यापासून. अंगठा, तर्जनी, मधलं बोट, अनामिका. पुन्हा फटकन. दोन महिन्यांत एक ओळ सलग निघाली नाही. अंगठ्याला फोड आला, फुटला, चिकटपट्टीखाली पुन्हा आला.

मंगळवारी भरदुपारी आवाज थांबला. ममताबाई धावल्या. मोबाइलवरचा मास्तर हसतमुखाने सांगत होता, हात सैल सोडा, अगदी मुठीत अंडं धरल्यासारखा. स्वप्नालीने व्हिडिओ मागे नेला, तेच वाक्य परत लावलं. मग आणखी एकदा.

"बंद कर ते!" ममताबाई ओरडल्या.

"मम्मी, ह्या हातले मुरगळनंच येस. दुसरं काही येस नही."

"येई व बेटा. दोन महिनाम्हा कोन शिकस?"

स्वप्नाली हसली. तिने गिटार कव्हरमध्ये घातली, चेन शेवटपर्यंत ओढली. "ही निशाले दी दे. अन् तू आते मन्हा मांगे पळू नको, मम्मी. निवांत ऱ्हाय."

दोन महिन्यांत पहिल्यांदाच तिचा चेहरा इतका शांत दिसत होता. माणूस आवडीची वस्तू अशी देऊन टाकतो आणि मग एकदम शांत होतो, त्याचा अर्थ काय होऊ शकतो, हे ममताबाईंनी वाचलेलं होतं.

ओट्यावर त्यांचे यजमान नवलभाऊ पेपर वाचत बसले होते. "तिले डॉक्टरले दखाडनं शे," त्या म्हणाल्या. "मनना डॉक्टरले."

"गाव काय म्हनी? वैशाखम्हा पाव्हना ई ऱ्हायनात तिले देखाले. कोंबड्या मरन्यात म्हनीसन पोर येडी व्हयनी, आसं सांगू त्यासले?" नवलभाऊंनी पान उलटलं. "अन् गिटार ठी दिनी ना तिनी? बरं व्हयनं. तो आवाज तं बंद व्हयना."

ममताबाईंनी दोष एकट्या नवऱ्याला तरी कसा द्यायचा? सरकारी दवाखान्यातल्या मनाच्या डॉक्टरबाईंचा नंबर महिनाभर त्यांच्याच फोनमध्ये पडून होता. कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून त्यांनी तो 'शिंपीण' या नावाने ठेवला होता.

त्या परत फिरल्या. स्वप्नाली उपड्या बादलीवर बसून उजवा हात उलटसुलट करून बघत होती. ममताबाई तिच्याशेजारी जमिनीवर टेकल्या आणि तो अंगठा त्यांनी आपल्या मुठीत घेतला. कधी फोन करायची वेळ आलीच तर विहिरीपलीकडे जाऊन, पोरीला ऐकू न येईल असा करायचा, असं त्यांनी ठरवून ठेवलं होतं. आता त्या जागच्या उठल्या नाहीत, तिथेच फोन बाहेर काढला.

"कोनले लावस?" स्वप्नालीने विचारलं.

"डॉक्टरबाईले. तुन्हासमोरच."

स्वप्नालीने हात ओढून घेतला नाही. पहिलं वाक्य काय बोलायचं, हे ममताबाईंना सुचत नव्हतं. तरी डाव्या हाताने चाचपडत त्यांनी नंबर काढला आणि दाबला.