बोकडासोबत फोटो
काल कोटाच्या बाहीला माजावर आलेल्या बोकडाचा वास लागला आणि मला ईट गावचं आमचं अंगण आठवलं. शेळीचं मटण परदेशी पाठवायचं तर धोरण कसं आखावं, हे सरकारी अधिकाऱ्यांना शिकवायला दिल्लीहून एक तज्ज्ञ सल्लागार आले होते, आणि त्याआधी आमच्या शेळ्या बघायला घरी आले. माझ्या वडिलांनी, आबांनी, कपबशी परत विसळून चहा दिला. साहेबांनी कप नाकाशी नेला, ‘या घाणीत लोक पितात तरी कसं,’ म्हणाले आणि चहा तिथंच गोठ्यात ओतला. आबांनी रिकामा कप उचलून नेला. माझं मात्र डोकं फिरलं. साहेबांना फोटो हवा होता, म्हणून मी मुद्दाम माजावरचा बोकड सोडून आणला. तो स्वतःच्याच दाढीवर मुततो आणि तो वास धुतला तरी जात नाही, हे आमच्याकडं शेंबडं पोरगंही जाणतं. ‘जातिवंत हाय साहेब, गळ्यात हात घाला, लई गरीब हाय.’ त्यांनी मिठीच मारली. दुपारी धाराशिवला त्यांच्या भाषणात पुढच्या रांगा उठून मागं गेल्या, हे साहेबांच्या ड्रायव्हरनं सांगितलं तेव्हा मी पोट धरून हसलो. ‘सांगायचं न्हाय व्हय त्यास्नी?’ आबा म्हणाले. ‘इचारलं न्हाय त्यांनी,’ मी म्हणालो. आजही मला त्याचा पस्तावा नाही. आता मीच व्यापार सल्लागार म्हणून परक्या देशांत शिकवायला जातो. काल अशाच एका देशात एका शेळ्या राखणाऱ्याच्या मुलीनं फोटोसाठी बोकड ओढत आणला. वास मी लांबूनच ओळखला, पण सगळे बघत होते, मिठी मारावीच लागली. ती गालात हसली. सकाळी तिच्या बापाला मी काय बोललो होतो, ते मला काही केल्या आठवेना.