एक स्टार, पाच स्टार आणि उघडा नळ

दातांच्या दवाखान्यात फोन घेणाऱ्या बाई दिवसभर एकच वाक्य बोलत. "काही होत नाही हो, मुंगी चावल्यासारखं वाटेल." एवढ्यावर भलेभले गाल धरून आत जात. मुंगी केवढी होती ते मग आतल्या ओरडण्यावरून कळायचं. बाई मात्र शांत. हातात पुढच्या पेशंटचं कार्ड आणि कार्डाखाली कादंबरीचं पान. हो, बाई कादंबरीकार होत्या! लोकांच्या दाढा निघत असताना त्यांनी एक आख्खी कादंबरी लिहिली, ती छापूनही आली. इथपर्यंत सगळं झकास होतं.

मग कुणीतरी त्यांना सांगितलं, की पुस्तकं विकणाऱ्या वेबसाइटवर वाचक आपली मतं लिहितात. झालं! सुखातला जीव दुःखात पडला.

'चोखंदळ वाचक' असं नाव घेतलेल्या एका महाभागाने एक स्टार दिला होता. खाली लिहिलं होतं, "पाल्हाळ. नायक आला की झोप येते. आणि तो म्हातारा! मुलाशी वर्षानुवर्षं बोलत नाही, पण पहाटे उठून गुपचूप त्याचे बूट पुसून ठेवतो. असा बाप असतो का कुठे?"

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. रोज उठल्या उठल्या त्या आधी फोन बघायच्या, तो एक स्टार अजून आहे का म्हणून. जसा काही रात्रीत गळूनच पडणार होता! चोखंदळाला उत्तरं लिहायच्या, खोडायच्या, पुन्हा लिहायच्या. नव्या कादंबरीत एकाची अक्कलदाढ भूल न देता काढायची होती. त्या इसमाचं नाव ठरत नव्हतं, ते लगेच ठरलं.

"अहो बाई, मुंगी चावली समजा," डॉक्टर म्हणाले.

लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! बाई दोन दिवस डॉक्टरांशी कामापुरतंच बोलल्या.

घरी यजमान होते. धंद्याने प्लंबर. माणूस साधा, पण पाण्याच्या बाबतीत महाकडक. दात घासताना नळ सुरू ठेवला म्हणून त्यांनी एकदा आलेल्या पाहुण्यालाही झापलं होतं. ते म्हणायचे, "अगं, एकाचं काय मनावर घेतेस? बाकीचेही लिहितीलच की."

आणि खरंच लिहायला लागले! एकामागून एक पाच स्टार. बाईंचा चेहरा उजळला. डॉक्टरांवरचा राग विसरून त्यांनी दवाखान्यात मोठ्याने वाचून दाखवलं. "कथा कुठेही गळत नाही. शेवटच्या पानापर्यंत प्रेशर टिकून आहे." दुसरं मत, "सगळे जोड पक्के. पुन्हा बघावं लागणार नाही." तिसरी कुणी गृहिणी म्हणत होती, "घरी बसवून घेतल्यापासून काही कटकट नाही."

डॉक्टर हातमोजे काढता काढता थांबले. "बाई, ही गृहिणी कादंबरीबद्दल बोलतेय की गीझरबद्दल?"

बाईंनी तिन्ही मतं पुन्हा वाचली. गळती, प्रेशर, जोड! आपलेच दात, आपलेच ओठ!

संध्याकाळी यजमान दारात बूट काढत होते तिथेच त्यांना गाठलं.

"अहो, ती मतं तुम्ही लिहिलीत?"

"तुझं तोंड बघवेना. म्हटलं, जरा प्रेशर वाढवावं."

"पुस्तक वाचलंत?"

यजमान पिशवीत पाना शोधायला लागले. "कव्हर फार सुरेख आहे हं."

बाई तशाच वळल्या. आत गेल्या आणि नव्या कादंबरीची पानं कपाटात, जुन्या चादरींच्या मागे कोंबून आल्या.

कारण तो म्हातारा काही हवेतून आलेला नव्हता. ते बाईंचे सासरे. मुलाने टेबलखुर्चीची नोकरी करावी ही त्यांची इच्छा. मुलाने पाइप हातात घेतले, तसं त्यांनी बोलणं टाकलं. पण नव्या नवरीला एका पहाटे लवकर जाग आली, तर सासरे दारात बसलेले. मांडीवर मुलाचे गटारात बरबटलेले बूट, हातात फडकं. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. "त्याला सांगू नकोस, सूनबाई. आई पुसते असं वाटू दे त्याला."

बाईंनी शब्द दिला. सासरे गेले, सासूबाई गेल्या, शब्द तसाच राहिला. तोंडाने सांगता येईना म्हणून त्यांनी लिहिलं. आख्खी कादंबरी त्या एका प्रकरणासाठी, आणि ते प्रकरण एका माणसासाठी. आणि हा शहाणा कव्हर बघून मोकळा! मेल्या चोखंदळाने निदान वाचली तरी होती. या विचाराने बाईंना फार रडू आलं, आणि त्यांनी पुन्हा म्हणून लिहायचं नाही असं ठरवलं.

यजमानांना एवढंच कळलं, की आपलं काहीतरी भयंकर चुकलंय. दुसऱ्या दिवसापासून पुस्तक त्यांच्या पिशवीत पान्याशेजारी दिसू लागलं.

रविवारी ते पुस्तक घेऊन बाथरूममध्ये शिरले आणि नळ सुरू झाला. सुरू झाला तो थांबेचना. बादली भरून वाहिल्याचा आवाज आला, तरी थांबेना.

बाईंनी दार वाजवलं. "अहो, नळ!"

"वॉशर बघतोय," आतून घोगरा आवाज आला.

बाहेर आले तेव्हा डोळे लाल. "साबण गेला," म्हणाले, आणि कितीतरी वेळ दाराशी बुटांपुढे उभे राहिले.

सोमवारी दवाखान्यात बाईंनी सवयीने फोन उघडला. नवं मत आलं होतं. चारच स्टार, पण या वेळी खाली यजमानांचं खरं नाव.

"नायक पाना उलटा फिरवतो, म्हणून एक स्टार कापला. बाकी, चोखंदळ वाचक विचारतात, असा बाप असतो का कुठे. असतो. माझा होता. मला इतकी वर्षं वाटायचं, आई पुसते."

बाईंना पुढचं दिसेना. समोर एक आजोबा गाल धरून उभे होते. "बाई, फार दुखतं का हो?"

"दुखतं हो, आजोबा," बाई म्हणाल्या, "बसा." आणि डोळे पुसून त्यांनी कार्डाखाली एक कोरा कागद सरकवला.