वखारीतली जोगती

आणीबाणीच्या आधी निपाणीच्या एका तंबाखू वखारीत मी कारकून होतो. पुरुष म्हणून जन्मलेली, लुगडं नेसून यल्लम्माचा जोगवा मागणारी एक जोगती काम मागायला आली. दर मंगळवारी तिच्या पाया पडणारे आमचे मालक म्हणाले, "तुला बायकांत बसवू का गड्यांत?" आम्ही कारकून फिदीफिदी हसलो.

पदर खोचत ती म्हणाली, "आण्णा, माझा आशीर्वाद चालतोय, मग हात का चालत न्हाईत?"

पानं निवडणारी एक म्हातारी बाजूला सरकली. "बस गं आक्का हितं."

काही वर्षांत ती त्याच बायकांची मुकादम झाली. मालक पाहुण्यांना सांगत, "आम्ही लई पुढारलेली माणसं." मी मान डोलवायचो, पगार त्यांचाच खायचो ना!