जानरावांच्या डाव्या हातातला माउस

गिऱ्हाइकापुढे मी फार बोलतो, ही माझी खोड आहे. वाशीमला माझं लॅपटॉप दुरुस्तीचं लहानसं दुकान. कुणी येऊन "एक साधा माउस द्या" म्हटलं की माझं डोकं फिरतं. साधा म्हणजे कोणता? वायरचा की बिनवायरचा? बिनवायरचा, तर ब्लूटूथचा की रिसीव्हरचा? गोजराबाईंनी मात्र श्रावणातल्या एका दुपारी पिशवीतून धोतरात गुंडाळलेला लॅपटॉप काढला आणि भलतंच मागितलं.

"भाऊ, बाजीवर निजल्या निजल्या वावरात जाता येईन, असा माउस द्या."

मला हसू आलं. पण त्यांनी पुढचं सांगितलं तेव्हा ते ओसरलं.

त्यांचे मालक जानराव अनसिंग गावचे. चाळीस वर्षं रोज सकाळी वावराला एक फेरी घातल्याशिवाय चहा घेतला नाही, असा माणूस. दोन वर्षांपूर्वी लकव्यानं उजवी बाजू गेली. बैलजोडी विकली. मुलगा ऋषिकेश पुण्याला नोकरीला. त्यानं जुना लॅपटॉप घरी ठेवला आणि दिवाळीत नकाशावर वरून काढलेलं आपलं वावर बापाला दाखवलं. तेव्हापासून जानराव पडल्या पडल्या वावरात हिंडतात. पण लॅपटॉप पोटावर ठेवला की दम लागतो आणि बाजूला ठेवला की हात पोचत नाही. मग गोजराबाईंना तो धरून बसावं लागतं.

"मी वावरात निंदाले गेली की त्याईचं हिंडनं बंद," त्या म्हणाल्या. "अन् मले हाका मारनं त्याईच्या जिवावर येते. कोनाले न इचारता हिंडता आलं पायजे, एवढंच म्हननं हाय त्याईचं."

मी काउंटरवर दोन माउस ठेवले आणि माझं प्रवचन सुरू केलं. हा रिसीव्हरचा, एवढंसं बोंडूक लॅपटॉपला खोचलं की चालू, पण ते हरवलं तर माउस गेला समजा. हा ब्लूटूथचा, याला काही खोचायला नको, त्यामुळे हरवायलाही काही नाही. गोजराबाईंनी रिसीव्हर तळहातावर घेतला.

"हा तं हरभऱ्याएवढा. कोंबडी गिळून टाकीन."

मग दोन्ही माउसांच्या पाठीवरून त्यांनी हात फिरवला, बाजारात गोऱ्हे बघतात तसा. "यातला गरीब कोन्ता? हाक न मारता जुवाखाली येईन, तो द्या."

मी ठासून ब्लूटूथचा दिला. लॅपटॉपला जोडून दिला, बाण चालवून दाखवला. त्या गेल्या, पण माझं लक्ष काही दुकानात परतेना. समोर एक लॅपटॉप उघडा पडला होता, आणि मला दिसत होतं अनसिंगचं सोयाबीन, वरून, ढगाच्या उंचीवरून. हिरव्या चौकटी, मधून जाणारी पांदण, म्हणजे बैलगाडीची वाट, आणि त्यावरून अगदी सावकाश तरंगत चाललेला एक पांढरा बाण. खाली पाखरं, वर हा. एका गिऱ्हाइकानं दोनदा हाक मारली तेव्हा मी भानावर आलो.

पोळा झाला आणि तिसऱ्या दिवशी गोजराबाई परत आल्या. त्यांनी काउंटरवर ठेवलेला माउस पिवळाधमक होता. हात लावला तर तुपकट.

"मावशी, हे काय केलं?" मी खेकसलोच.

"खांदे शेकले त्याचे," त्या शांतपणे म्हणाल्या.

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांच्या खांद्यांना हळद-लोणी चोळतात. आता अंगणात बैल नव्हते. जानरावांनी वाटी जवळ मागून घेतली आणि डाव्या हातानं माउसच्या पाठीला लोणी चोळलं. "म्हने, रोज मले वावरात नेते, याचेबी खांदे दुखत असतीन."

मी बडबडत माउस उघडला. लोणी चाकापर्यंत गेलं होतं. पुसून काढलं तर माउस ठणठणीत. म्हणजे तक्रार लोण्याची नव्हती.

"लाईन गेली की लॅपटॉप बंद पडते," गोजराबाई म्हणाल्या. "ते बटन दाबून चालू करतात, पन तुमचा हा काही येत नाई. शेजारच्या पोराले बलावून जोडून घ्या लागते. परवा मी सांजच्याले घरी आली तं सकाळपासून बान एकाच जागी. मी म्हनलं, काहून हाक नाई मारली कोनाले? तं म्हने, धुऱ्यावर थांबलो होतो."

दिवसभर बांधावर! मला माझीच लाज वाटली. जुन्या लॅपटॉपचं ब्लूटूथ रुसतं, हे मला माहीत नव्हतं का? होतं. पण हरवण्याचं भय दाखवून मीच त्यांच्या गळ्यात तो मारला होता. शटर ओढलं, रिसीव्हरचा माउस खिशात टाकला आणि गोजराबाईंना गाडीवर बसवून थेट अनसिंग गाठलं.

जानराव बाजेवर उशाला टेकून होते. शेजारी स्टुलावर लॅपटॉप. मी रिसीव्हर खोचला, गोजराबाईंनी लागलीच त्यावर चिकटपट्टी लावली. मुद्दाम लॅपटॉप बंद केला. जानरावांनी डाव्या हातानं बटन दाबलं, माउस गोधडीवर सरकवला आणि बाण निघाला. कुणी काही जोडलं नाही.

त्यांनी एकदा माझ्याकडे पाहून मान हलवली आणि वाटेला लागले. गावाबाहेर पडले, नाला ओलांडला, पांदणीला लागले. चाल बैलाची. मी न राहवून म्हटलं, "काका, चाक फिरवा, एका झटक्यात वावरात पोचाल."

"मंग मधातलं सोयाबीन कोन पाहीन?" ते म्हणाले. थोड्या वेळानं स्वतःशीच बोलल्यासारखं, "मी नाई जात, बापू. वावरच सरकत येऊन राह्यलं माह्याकडं."

खोलीत कूलरचा आवाज होता. वावर खरंच सरकत येत होतं. आम्ही तिघंही त्यात होतो.

लिंबाच्या झाडाशी ते थांबले. चाक फिरवून जवळ गेले. झाडाच्या कडेला दोन पांढरे ठिपके होते. नकाशावरचा फोटो दोन-तीन वर्षांपूर्वीचा, हे मी लगेच ओळखलं. त्या ठिपक्यांच्या मागे एक काळसर ठिपका, त्याला लांब सावली.

"हे आपले बैल, अन् हा मी," जानराव म्हणाले. "उभा हाय."

गोजराबाई पुढे झाल्या. एवढे दिवस लॅपटॉप धरून बसणाऱ्या त्या, पण हे त्यांनी पाहिलं नव्हतं. "मले कदी दाखवलं नाई?"

"तुले रडू येते."

ते ठिपके म्हणजे दगड आणि झुडूपही असू शकतं. शिवाय असे फोटो कधीतरी बदलतात, आणि बदलले की आधीचं दिसत नाही. हे सगळं मला माहीत होतं. एवढा बोलणारा मी, पण तोंड उघडलं नाही.

गोजराबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि बाजेच्या कडेवर बसून स्क्रीनकडे वाकल्या. "अन् मी कोठी हाय?"

जानरावांनी माउस अगदी हळू, बोटभर, पांदणीकडे सरकवला. तिथं काहीच नव्हतं, नुसती वाट होती.

"भाकर घेऊन येऊन राह्यली तू," ते म्हणाले. "थांब जरा. दिसशीन."