विसरण्याचं सोंग

सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही, असं आपल्याकडे म्हणतात. पलासिया भागातल्या दवाखान्यात मानसिक तपासण्या करून करून मी त्या न आणता येणाऱ्या सोंगांत विसरण्याच्या सोंगाचीही भर घातली आहे. संशय हा माझा पोटापाण्याचा धंदा. घरचे म्हणतात, मी दूधवाल्याच्या नमस्कारावरही विश्वास ठेवत नाही.

त्या दिवशी शाळेच्या बसचा ड्रायव्हर आला होता. पन्नाशीचा, इथल्याच हिंदी मुलखात वाढलेला मराठी माणूस. काहीच आठवत नाही, मला गाडी देऊ नका, असं त्याचं म्हणणं. हा आजारी आहे की कामचुकार ते बघा, म्हणून बसच्या मालकाने त्याला पाठवलं होतं. आज वार कोणता, तर माहीत नाही. बायकोचं नाव काय, तर डोकं खाजवलं. आणि जरा वेळापूर्वी बाहेरच्या बाकावर हाच गृहस्थ एका आजींना स्नेहलतागंजला जायचा बिनगर्दीचा रस्ता वळणावळणाने समजावून देत होता. मी दाराआडून ऐकलं होतं. तशी मला सवयच आहे.

मी चित्रांची चाचणी काढली. आधी काही चित्रं दाखवायची, मग दोन-दोन समोर ठेवून विचारायचं, यातलं मघाशी कोणतं पाहिलं? खरोखर विसरलेला माणूसही अंदाजाने निम्मी बरोबर सांगतो. याने जवळजवळ सगळी चुकवली. इतकं नेमकं चुकायला सगळं आठवावं लागतं. चोर सापडल्याच्या आनंदात मी हे त्याला तोंडावर सांगितलं.

त्याने खुर्ची टेबलाजवळ ओढली. मग म्हणाला, "आठवतं मला, मॅडमजी. पण गाडी चालवताना कधी कधी एकदम डोळ्यांपुढे अंधेरा येतो. जरासाच. मालकांना बोललो, तर म्हणाले, भिया, चाय पी लो. थोडं सांगितलं की कोणी ऐकतच नाही."

हाही एक डावच असेल, असं मला वाटलं. म्हणून खोदून विचारलं, शेवटचं कधी झालं? महूच्या रस्त्यावर, परवा, तो म्हणाला. बस डिव्हायडरला घासत गेली. मुलांना मजा वाटली, ती हसली.

मला एकदम भीती वाटली. संशय मात्र तरीही गेला नाही. तुम्ही मुद्दाम खोटी उत्तरं दिलीत, हे मला रिपोर्टमध्ये लिहावंच लागेल, असं मी त्याला सांगितलं.

"लिहा ना," तो म्हणाला. "झूठा आहे म्हणून लिहा. पण याला बस देऊ नका, हे पण लिहा."