तिसऱ्या दिवसाची टोपली

“नियमाला कान नसतात, सायबाला असतात. म्हणून अर्जात गोष्ट लिवायची,” असं कुंदन एकदा म्हणाला होता आणि सातपाटीच्या बायकांनी ते खरं मानलं होतं.

उजव्या हाताची दोन बोटं बोटीवरच्या दोरात गेली, तेव्हापासून कुंदनचा समुद्र सुटला. उरलेल्या तीन बोटांनी तो लोकांचे अर्ज लिही. ‘मी गरीब आहे’ एवढंच लिहिलेला कागद साहेब उलटा टाकतो. त्याच गरिबाचा एक दिवस लिहिला, की साहेबाचा हात जरा थबकतो. कुंदनची विद्या एवढीच होती.

असा एक दिवस त्याच्यापाशी होता. आईचा. बाप, रामा, गेला तेव्हा कुंदन नऊ वर्षांचा होता. सुतकात मासळी विकायची नाही, ही गावाची रीत. पण घरात पाटीभर ओले बोंबील, ते काही सुतक पाळणार नव्हते. तिसऱ्या दिवशी गोदूबाई कोणाला न सांगता टोपली घेऊन बोईसरच्या बाजारात जाऊन बसली. एका गिऱ्हाइकाने विचारलं, “कपाळ रिकामं का गं?” गोदूबाई म्हणाली, “बोंबील घ्यायला आलीस का कपाळ?” गावाला हे कधी कळलं नाही. कळलं असतं तर तिला वाळीत टाकलं असतं.

यंदा बोईसरचा जुना बाजार पाडून नवा उभा राहिला. ज्यांच्याकडे जुन्या पावत्या नाहीत, त्या बायकांनी बसायच्या ओट्यासाठी अर्ज करायचा होता. पहिली आली शेजारची नवसी.

“तुजं काय झालंय ते सांग.”

“माजं काय व्हायचंय? बसते, इकते, घरी येते.”

“नवरा?”

“हाय की जिता. पितो.”

“अर्जापुरता मारू का त्याला?”

“मार बाबा,” नवसी हसली. “तेवढीच इसरांती.”

कुंदनने आईचा तिसरा दिवस नवसीला दिला. अर्ज घेताना खिडकीवरच्या कारकुनाने डोळे पुसले, हे नवसीने टेम्पोत साऱ्यांना सांगितलं. मग दुसरी आली, तिसरी आली. “माना पन तसलाच लिवून दे.” कुंदन नावं बदलत गेला. बोंबील बदलून कधी करंदी केली, कधी मांदेली. उत्तर मात्र तेच ठेवलं. त्याहून चांगलं त्याला सुचेना. असे अकरा अर्ज झाले.

बारावा आईचा. त्याला कुंदन चार दिवस बसला. शहात्तर वर्षांच्या बाईचं दुसरं काहीच त्याला आठवेना. जणू एक दिवस सांगता सांगता त्याने तिचं बाकीचं आयुष्य खरवडून टाकलं होतं. शेवटी त्याने तेच लिहिलं. वाटलं, हे तरी खरं आहे. कागद कोण एकत्र वाचतो?

सुनावणीला आलेल्या अधिकारी उत्कर्षाबाईंनी वाचले होते. टेबलावर त्यांनी बाराही अर्ज पत्त्यांसारखे मांडले. समोर कुंदन, शेजारी गोदूबाई, मागे भिंतीला टेकून अकरा जणी.

“बारा नवरे गेले. बारा जणी तिसऱ्या दिवशी बाजारात बसल्या. बारा जणींनी एकच उत्तर दिलं,” उत्कर्षाबाई म्हणाल्या आणि एक अर्ज मोठ्याने वाचू लागल्या.

गोदूबाई ऐकत होती. दुसऱ्या कोणाच्या तरी नावाने तिचा नवरा मरत होता. तिने मान वळवून लेकाकडे पाहिलं. कुंदनला ती नजर झेपली नाही.

“अक्षर तुमचं आहे,” बाई कुंदनला म्हणाल्या. “यातली एखादी गोष्ट खरी असणार. खोटं इतकं चांगलं कोणी रचत नाही. ती कोणाची ते सांगा, तिला आत्ता ओटा देते. बाकीचे अकरा अर्ज खोटे म्हणून बाद. नाही सांगितलंत तर बारा नावांच्या चिठ्ठ्या टाकते. ओटे पाच आहेत.”

मागून नवसी पुटपुटली, “कुंदन, माज्या पोरींकडं बघ रे.”

ओटा नाही मिळाला तर आई महिनाभरही जगणार नाही, हे त्याला ठाऊक होतं. घरात बसलेली गोदूबाई त्याने कधी पाहिलीच नव्हती. एक नाव उच्चारायचं होतं. ते खरं होतं. आणि त्या एका नावाने मागच्या अकरा जणींना रस्त्यावर बसवलं असतं, ज्यांनी त्याच्या शब्दाखातर आपले जिते नवरे मारले होते. शिवाय आईने सुतक मोडलं होतं, हे साऱ्या गावासमोर उघडं पडलं असतं.

“आजी, तुमच्या बाबतीत घडलंय का हे?” बाईंनी गोदूबाईला विचारलं.

“माना काय इचारतेस, बाय?” गोदूबाई म्हणाली. “लिवनारा हा हाय. हा सांगंल.”

उत्कर्षाबाईंनी पेन उघडलं. कुंदनने तीन बोटांचा हात टेबलावर टेकवला, त्याच्यावर भार देऊन उठला. आईच्या बाजूने न जाता, भिंतीशी उभ्या बायकांच्या मधून वाट काढत, कोणाचंच नाव न घेता तो दाराबाहेर गेला.